मध्यंतरानंतरचा सिनेमा

बाबा, तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली. काल सिनेमा शिकायच्या वर्गात एका शब्दाचा अर्थ कळला आणि तो तुम्हाला सांगावा वाटला. सिनेफाइल. शब्द फ्रेंच लोकांचा, इंग्रजीतून फिरून आपल्याकडं आलेला. सरांनी फळ्यावर फोडून दाखवला. सिने म्हणजे सिनेमा, त्याच्या मुळाशी ग्रीक भाषेतली हालचाल. फाइल म्हणजे ज्याचा एखाद्या गोष्टीवर जीव आहे असा माणूस, तेही ग्रीकच. सर म्हणाले, शौकीन कुणीही असतो, पण सिनेफाइल शेवटची पाटी सरकेपर्यंत खुर्ची सोडत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

तुम्ही तर एकही शेवट पाह्यला नाही. हिंगोलीच्या बाजारात बोकड विकला की दुपारच्या खेळाला बसायचं आणि मध्यंतराला उठायचं, कारण शिरड शहापूरची एसटी तेव्हाच सुटायची आणि लाल शेळी तुमच्याशिवाय कुणाला धार काढू द्यायची नाही. लहानपणी मी सोबत यायची, म्हणून हे मला एकटीलाच माहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आळी जमायची. तुम्ही टकळीवर लोकर कातत सिनेमा सांगताय. अर्धा पाह्यलेला, अर्धा तुमचा. थोरली चुलती निवडायचं सूप मांडीवर तसंच ठेवून विचारते, "मंग? माय भेटली का न्हाई त्याला?"

"थांबा वयनी, धागा तुटंल."

"तुमच्या सिनेमात कुणी मरतच न्हाई, भाऊजी."

"मरण बघायला तिकीट काहून काढावं?"

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. सुट्टीत घरी आले, तेव्हा तुम्ही असाच एक सिनेमा सांगून राहिले होते. हिरो गावी परत येतो, मायच्या हातची भाकर खातो, वगैरे. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, तो मरतो शेवटी. तुमी कुठं पाह्यलाय शेवट? तुमी तर मध्यंतराला उठता."

कुणी हसलं नाही. चुलतीनं सूप उचललं. तुमची टकळी फिरतच होती. म्हणालात, "असंल. तू शिकलेली हायस."

पुढच्या बाजारी तुम्ही सिनेमाला गेलात. चुलतीनं विचारलं तर म्हणालात, "बरा व्हता." त्यानंतर दोन वर्षं जगलात, तेवढंच म्हणत राहिलात. आळी सकाळी आपापल्या कामाला लागायची.

काल वर्ग सुटताना सरांना विचारणार होते की मध्यंतराला उठणाऱ्याला काय म्हणतात. विचारलं नाही. त्यांच्याकडं दुसरा शब्द निघाला असता, आणि मला हाच तुमच्यासाठी हवा होता.

हे पत्र कुठं टाकणार. वहीतच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या सिनेमाचा शेवट मीही पाह्यलेला नव्हता. होस्टेलातल्या एका पोरीनं सांगितला होता, आणि तिनं तरी पाह्यला का, हे मी तिला विचारलं नव्हतं.