पुढे पळणारं पान

चिरंजीव भाचेबुवांस,

मामाचे आशीर्वाद, मामीचेही (ती आत भांडी लावते आहे, पण आहेत असं समज). इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण मी त्याच्याकडे लक्ष देणं सोडलंय. तुझी पाठ कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसतोस, मधूनमधून उठत जा. ताईबद्दल तू कळवलंस ते वाचून जिवाला घोर लागला. भावोजी गेल्यापासून तिने पुस्तक उघडलेलं नाही, आणि तू हौसेने आणलेलं वाचनयंत्रही चादरींच्या घडीखाली ठेवून दिलं. जिने मला वाचायला शिकवलं तीच वाचेनाशी झाली, याहून वाईट काय असतं रे? मी विचारलं तर "बरी आहे" एवढंच म्हणते. तुला फोन करावा तर ती शेजारीच बसलेली असते, म्हणून हे पत्र.

आता तक्रार. तू आम्हां दोघा भावंडांना सारखीच यंत्रं दिलीस आणि तुझ्या एकाच खात्यावर बसवलीस, म्हणजे एकदा पुस्तक घेतलं की दोघांनाही वाचता यावं. हेतू चांगलाच होता. पण हे यंत्र ज्याने केलं त्याने जन्मात कधी पुस्तक वाचलं असेल असं वाटत नाही. माझा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला, बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय हाडीमाशी खिळलेली. ओलं बोट लागलं की हे ठोंब्यासारखं बसून राहतं (मामी म्हणते, त्याला सर्दी होईल). अक्षर मोठं करायला गेलो तर एवढं मोठं झालं की पानावर 'आणि' हा एकच शब्द मावला. पुढचं पान उलटलं तर 'मग'. लहान कसं करायचं ते सापडेना, तेव्हा एक अख्खं प्रकरण मी तसंच वाचलं. शिवाय कोपऱ्यात पानाच्या आकड्याऐवजी टक्के. मी पुस्तक वाचतोय की परीक्षेला बसलोय?

दुकानाचं तर विचारूच नकोस. शेजारच्या शिंप्याला हवं होतं म्हणून मधमाश्यांवरचं एक पुस्तक नुसतं चाळलं, तेव्हापासून ते दुकान मला मधमाश्या पाळणारा समजतं आणि रोज तसलीच पुस्तकं पुढे करतं. आमच्या जुन्या दुकानदाराला चेहऱ्यावरून कळायचं, हा गडी घेणार नाही, नुसता वास घेऊन ठेवून देणार. तरी बसायला स्टूल सरकवायचा. नव्या दुकानाकडून माझं फार मागणं नाही, स्टूल नको, पण मधमाश्या आवर म्हणावं.

खरं दुखणं पुढेच आहे. तू घेतलेली ती जाड रहस्यकथा (पहिला भाग) मी रोज थोडी थोडी पुरवून वाचतो. हल्ली सकाळी यंत्र उघडावं तर मी थांबलो होतो ते पान नसतंच, भलतंच पुढचं पान समोर येतं. काल उघडलं ते थेट आत्याबाईंच्या मृतदेहावर. आदल्या दिवशी मी त्यांना चांगलं चहा पिताना सोडलं होतं! मामीवर संशय घेतला, तर "तुमचं यंत्र, तुमचे घोटाळे" म्हणून तिने हात झटकले. यंत्रच नासकं निघालं. तरी कृपा करून माझं खातं वेगळं करून दे. आपण सोडलं तिथेच आपलं पान सापडावं, याहून वाचणाऱ्याला दुसरं काय हवं असतं?

तुझा,
मामा

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी यंत्र पुन्हा उघडलं. माळी झाडांना पाणी घालतो त्या ओळीशी एक खूण दिसली. बोट लावलं (कोरडं), तर आत टिपण: "टिल्ल्या, माळ्यावर लक्ष ठेव. खुनी तोच." मला टिल्ल्या म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलंय. लहानपणी वाचनालयातल्या रहस्यकथा आधी ती वाचायची आणि समासात पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून मग मला द्यायची. मी भोकाड पसरायचो. आजही डोळ्यांना पाणी आलं, मामीने विचारलं तर गुडघा सांगितला. चादरींखाली बघ, यंत्र तिथे नसणार. तेव्हा खात्याचं वर लिहिलंय ते रद्द समज. पान तिच्या वाचण्यामागे पळतंय तसं पळू दे. आणि तिला काही विचारू नकोस, विचारलंस की परत ठेवून देईल.

ता. क. दुसरा. राहवेना, म्हणून दोन दिवस पत्र तसंच ठेवून पुस्तक संपवलं. माळी खुनी नाही. तो बिचारा शेवटी स्वतःच मारला जातो. म्हणजे बाईसाहेबांनी पुढचं सगळं वाचून मला चक्क फसवलं. लहानपणी नाव तरी खरं लिहायची. मी तिच्या टिपणाखाली 'लबाड' एवढंच लिहिलं. आज उत्तर आलंय: "पुढचा भाग कधी येतो रे?"

तर भाचेबुवा, पुढचा भाग आजच्या आज घे. फक्त तो माझ्या यंत्रावर एक दिवस आधी येईल असं काही करता येतं का बघ. नको, राहू दे. तिलाच आधी वाचू दे.