विहीर कुणाची

कळमनुरीचा मळा,
६ मे १९४१

तीर्थरूप बाबांचे चरणी कौशल्येचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी व आत्या खुशाल आहोत. कॉलेजात समाजशास्त्राच्या सरांनी सुट्टीत ज्यांची चौकशी करून निबंध लिहायला सांगितला, त्या मेंढपाळांचा तळ सध्या आपल्याच मळ्यात आहे. मेंढरं रात्री शेतात बसतात. आपल्याला खत मिळतं, त्यांना ज्वारी. तुमचे कारभारी संतरामकाका रोज माझ्यासाठी बाज आणवतात आणि शेजारी उभे राहतात. मी विचारते, माणसं सांगतात. सगळ्यांचं एकच म्हणणं, समदं बराबर हाये, मालकाच्या मळ्यात कायबी तकलीफ न्हाई. ऐकून ऊर भरून आला आणि सरांना लगेच तसं कळवलं. अभ्यास इतका सोपा असेल असं वाटलं नव्हतं.

कृपा आहेच, ती वाढावी.
आपली कौशल्या

वसमत,
११ मे

चि. कौशल्या हीस उकंडरावाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हळदीच्या अडतीवर चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवलं. शिकून पोरगी काय दिवे लावणार, असं भावकी म्हणते. तुझ्या काकांनी तर सोयरीकही पाहून ठेवली आहे. त्यांना म्हटलं, पोरीचा निबंध होऊ द्या, मग बोला. तेव्हा पुन्हा पुण्याला जाणं आता त्या निबंधावर आहे, ध्यानात असू दे. उन्हात निघताना पदराला कांदा बांध. तुझ्या शास्त्राला हसू आलं तरी बांध.

आत्याला नमस्कार सांग. तुझी आई आठवण काढते, मी काढत नाही असं समजू नकोस.
उकंडराव

मळा,
२४ मे

तीर्थरूप बाबांचे चरणी शि. सा. नमस्कार.

सरांचं उत्तर आलं. त्यांनी एवढंच विचारलं, की प्रश्न विचारताना तुझ्याजवळ कोण होतं? वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाजेवर मालकाची लेक, शेजारी कारभारी! माणसं दुसरं काय सांगणार?

संतरामकाकांना हात जोडून घरी बसवलं. तळ तोवर शेजारच्या शेतात हलला होता. तळावरच्या मसाजी मेंढपाळाची बायको पंचफुलाबाई पाण्याला निघाली, तिच्यासोबत मीही घागर घेऊन निघाले. ती आपल्या विहिरीकडे न वळता कयाधू नदीच्या कोरड्या पात्राकडे चालू लागली. काहून म्हणून विचारलं, तर नुसती हसली. मग मीही विचारणं सोडलं आणि रोज पाणी वाहिलं. मान धरली, आत्या रागावली. शेवटी वाळूत उकरलेल्या झिऱ्यातलं पाणी वाटीने घागरीत भरता भरता तीच बोलली. मेंढरं आपल्या शेतात बसतात तोवर विहीर मोकळी. ती दुसऱ्याच्या शेतात गेली, की दोर काढून नेतात. मालकाचा हुकूम हाये, तुमी त्याईची लेक, तुमाला कसं सांगावं, असं म्हणाली. तिची दिवस भरत आलेली सूनही त्या वाळूतून पाणी वाहते.

बाबा, हे मी निबंधात लिहिणार आहे. तुमचं नाव गाळता येईल, गोष्ट गाळता येणार नाही. कॉलेज सुटेल हे जाणून लिहिते. फार भीती वाटते आहे. रागवा, पण पत्र टाकायचं बंद करू नका.

तुमचीच
कौशल्या

वसमत,
२ जून

चि. कौशल्या हीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. तुझ्या आईने वाढलेलं ताट तसंच बाजूला सारलं. हुकूम माझ्या वडिलांचा, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण चालवला मीच. संतरामला निरोप धाडला आहे. मेंढरं कुणाच्याही शेतात असोत, दोर आणि पोहरा विहिरीवरच राहील.

मग तुझं हे पत्रही अडतीवर वाचलं, पहिलं वाचलं तसंच, मोठ्याने. तुझे काका म्हणाले, पोरीने बापाचं नाक कापलं. मी म्हटलं, एवढ्या माणसांत मला खरं सांगणारं एकच निघालं, आणि ते माझंच लेकरू आहे. सोयरीक परत पाठवली. सरांना माझा रामराम लिही. पोरी, मला तुझा फार अभिमान वाटतो.

पुण्याला जाण्याआधी घरी ये, आम्ही वाट पाहतो.
उकंडराव

ता. क. नाव गाळायचं म्हणतेस, ते मात्र चालणार नाही. गावासकट पुरतं लिही. विहीर कुणी बंद केली हे कळल्याशिवाय, ती कुणाच्या लेकीने उघडली हे लोकांना कसं कळणार?