चौदा वेळा मी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार
आजपासून रोजनिशी. कारणच तसं आहे. आज नंदाखालला हिल्डा तुस्कानोबाईंकडे माझी मुलाखत झाली. ऑगस्टात निवृत्त झाल्यापासूनची पहिली मुलाखत, आणि तीही कुत्र्यासाठी! जात ब्लडहाउंड. आमच्या वटार गावात काय, आजूबाजूच्या एकाही गावात असं कुत्रं नाही. दोन दिवसांपूर्वी निघून गेलेला माणूस नुसत्या वासावर शोधून काढतं म्हणे.

हिल्डाबाई हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या मेट्रन. पैसे घेऊन पिल्लू हातात कोंबणाऱ्यांतल्या नव्हेत. आधी पिल्लाची आई दाखवली. मग आईबापांच्या खुब्यांचे एक्सरे दाखवले. (माझ्या गुडघ्याचा अजून काढायचा राहिलाय, असं सरोजिनी मध्येच म्हणाली. बायकोने कुठे काय बोलावं याला काही धरबंद?) शेवटी चौदा प्रश्नांचा फॉर्म. पहाटे कोण उठणार? मी. कान कोण पुसणार? मी. लाळ कोण पुसणार? मी. चौदाही रकान्यांत ठळक अक्षरांत मी. सरोजिनी तेवढा वेळ छताकडे बघत होती.

करारात एक कलम आहे. सही करणाऱ्यानेच पिल्लू वाढवायचं. ते सहा महिन्यांचं झालं की बाई घरी येऊन खात्री करणार. तसं आढळलं नाही तर पिल्लू परत नेणार. मी पेन उघडूनच बसलो होतो. विम्याच्या ऑफिसात तेहतीस वर्षं काढली, कलमांना घाबरतो की काय.

१५ नोव्हेंबर, शनिवार
आला! वजन सात किलो, त्यातले दोन किलो कान. कातडी दोन नंबर मोठी, पुढच्या वर्षी बसेल म्हणून युनिफॉर्म घ्यावा तशी. चेहरा आमच्या जुन्या ब्रँच मॅनेजरसारखा दुःखी, शेपूट मात्र थांबायला तयार नाही.
नाव ठेवलं कॅप्टन. सरोजिनी बघताक्षणी 'लोंब्या' म्हणाली. बजावलं, की पोलिसी कामाच्या कुत्र्याला घरगुती नाव लावल्यास मनोबल खचतं.
पाणी प्यायला वाकला तर दोन्ही कान भांड्यात. मग मान झटकतो. भिंतीवर लाळ, पंख्यावर लाळ, देवघराच्या दारावर लाळ. मी इतका हसलो की ठसका लागला.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाच.

१६ नोव्हेंबर
पाचचा गजर माझ्याआधी सरोजिनीला ऐकू येतो. ती उठलीच होती, म्हणून तिनेच त्याला घरामागच्या वाडीत नेलं. साडेसातला उठून मी आवश्यक त्या सूचना दिल्या.
संकल्प पुढे चालू.

२३ नोव्हेंबर, रविवार
हिल्डाबाईंचा फोन दर रविवारी अकराला येणार. आज पहिला. सरोजिनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्याचं सगळं लिहून ठेवते, कधी जेवला, किती जेवला, कान कधी पुसले. मी कॅलेंडरसमोर उभा राहून उत्तरं दिली. "आज मी सुरकुत्या पुसल्या." "काल मी जंताचं औषध दिलं." यात खोटं काही नाही. ऑफिसातही रिपोर्ट क्लार्क करायचा आणि सादर साहेब करायचे.
एकच प्रश्न कॅलेंडरबाहेरचा आला. शी कशी होते, रंग कसा? मी म्हटलं, उत्तम. बाईंनी "उत्तम?" असं पुन्हा विचारलं. प्रभावित झाल्या असाव्यात.

३० नोव्हेंबर
व्हिजिटिंग कार्डं छापून आली. 'सदानंद चुरी, श्वानप्रशिक्षक. हरवलेली माणसे, चोरीस गेलेले पंप. गुप्तता राखली जाईल.' शंभर कार्डं. पहिलं शेजारच्या चंद्रहासला दिलं. त्याने ते उलटून पाहिलं आणि विचारलं, कुत्र्याचं कार्ड वेगळं आहे का. याच्या बागेतली केळी किती गोड आणि हा किती कडू.

१४ डिसेंबर
पहिलं शोधकार्य!
सुकेळीचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्याचा, तुकडा हुंगायला दिला आणि दुसरा तुकडा जांभाच्या झाडामागे लपवला. कॅप्टनने हवेत नाक धरलं, जांभाकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि कुंपणाखालून थेट चंद्रहासच्या गच्चीवर. तिथे त्याची सगळी राजेळी केळी सोलून सुकेळीसाठी वाळत घातलेली. मी पोचेपर्यंत एक चटई साफ.
म्हणजे गंध अचूक. एक तुकडा दिला, त्याने मूळ साठाच हुडकून काढला.
चंद्रहास ही बाजू समजून घ्यायला तयार नव्हता.

१५ डिसेंबर
कॅप्टनचं पोट बिघडलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस दहीभात. सरोजिनी सकाळपासून बादली आणि फडकं घेऊन त्याच्या मागे. मी मदतीला जाणार होतो, पण वासाने मला मळमळतं. ब्लडहाउंडवाल्याचं नाक तीक्ष्ण असायचंच.

१ जानेवारी २०२६
नवीन वर्षाचे संकल्प:
पहाटे पाच. (१७ तारखेपासून, थंडी ओसरल्यावर.)
कान स्वतः पुसणार.
सरोजिनीला 'लोंब्या' म्हणू देणार नाही.

११ जानेवारी
आज 'बस' हा धडा घेतला. प्रात्यक्षिक म्हणून मी स्वतः बसून दाखवलं. बारा वेळा. कॅप्टनने डोकं वाकडं करून अत्यंत लक्षपूर्वक पाहिलं. बाराव्यांदा मला उठवेना, तेव्हा त्याने माझा चष्मा चाटला.
संध्याकाळी सरोजिनी नारळ खवता खवता "बस रे लोंब्या" म्हणाली आणि तो बसला. धडा मुरायला वेळ लागतो, एवढंच.

१ फेब्रुवारी, रविवार
वजन चोवीस किलो. सरोजिनी त्याला उचलून काट्यावर उभी राहते आणि नंतर स्वतःचं वजन वजा करते. वजाबाकी मी केली.
फिरायला मीच नेलं. निर्मळच्या रस्त्यापर्यंत तो माझ्या बाजूने चालला. मग त्याला कसलातरी वास लागला. पुढचा रस्ता मला नीट आठवत नाही. एक पाट लागला, एक लग्नाचा मांडव लागला, त्या मांडवात आम्ही दोनदा शिरलो. वऱ्हाडातली मुलं टाळ्या वाजवत होती. आयुष्यात इतकी मजा आली नव्हती. गुडघा मात्र सुजला.
डॉक्टरांनी मला विश्रांती सांगितली आहे. तोपर्यंत फिरवायचं काम तात्पुरतं सरोजिनीकडे.

२२ फेब्रुवारी
गुडघा बरा आहे असं सरोजिनीचं मत. माझं मत वेगळं आहे.
खिडकीतून बघत होतो. ती पुढे, तो मागे, पट्टा सैल. मध्येच तो थांबला, तिने कंबरेवर हात ठेवून त्याला काहीतरी सुनावलं आणि त्याने मान खाली घातली. माझं ऐकून न घेता ती त्याच्याशीच दिवसभर बोलते. मला त्याचा हेवा वाटतो की तिचा, ते ठरत नाही.

१५ मार्च, रविवार
हिल्डाबाई पुढच्या रविवारी येणार. तपासणी! वजन, दात, कान बघणार आणि मग एक साधी चाचणी. सही करणाऱ्याने लपायचं, त्याचा न धुतलेला कपडा पिल्लाला हुंगवायचा आणि पिल्लाने माणूस शोधायचा.
अर्धा तास नाचलो. (गुडघा खरंच बरा आहे.) चंद्रहासला, किराणावाल्याला आणि व्हॉट्सॲपवर तीन ग्रुपना कळवलं. पाहुण्यांसाठी खुर्च्या सांगितल्या.
सरोजिनीने कॅप्टनचे पुसून झालेले कान पुन्हा पुसायला घेतले. नंतर म्हणाली, त्यांनी त्याला नेलं तर? मी हसलो. पण रात्री जेवताना तेच आठवलं आणि दुसरी भाकरी गेली नाही.
संकल्प: हा आठवडा सगळं मीच करणार.

२१ मार्च
आठवडा कमी पडला.

२२ मार्च, रविवार
सकाळी ९.०५. चंद्रहासच्या वाडीतल्या पंपाच्या खोलीत लपलोय. वही आणली आहे, क्षण नोंदवावा म्हणून. मोबाइल घरी, वाजायला नको. निघताना बाथरूमच्या खुंटीवरचा माझा चौकडीचा जुना शर्ट हिल्डाबाईंच्या हातात दिला. न धुतलेला. अंगणात अठ्ठावीस माणसं.
९.१५. घराकडून आवाज. "ओऽऽऊ!" काय तो खर्ज! मागोमाग टाळ्या. माग काढायला निघाला वाटतं.
९.३०. पाटापर्यंत आला असेल.
९.५०. शांतता. हे कुत्रं शोध लागेपर्यंत आवाज करत नाही असं वाचलंय. चांगली खूण.
१०.१०. डास.
१०.२५. वाऱ्याची दिशा बदलली. हिशेबात धरली नव्हती. शेजारी केळीचे घड किडीच्या औषधाने फवारलेत, त्यामुळे वास झाकला गेला असणार. प्रसंग अवघड आहे, कॅप्टनच्या जिद्दीची कसोटी.
१०.४०. शोधता शोधता तो वाट तर चुकला नसेल? रस्त्यावर गाड्या असतात.
११.००. दार उघडलं. चंद्रहास, मोटर सुरू करायला आलेला. मला बघून दचकला. मग म्हणाला, "सदा, तू अजून इथेच? कुत्र्याने एका मिनिटात माणूस शोधला. पोहेपण संपले."
मी विचारलं, कोणता माणूस?
तो म्हणाला, घरी जाऊन बघ.

संध्याकाळी ६.
खरं लिहितो. वही माझीच आहे.
अंगणात खुर्च्या रिकाम्या. सरोजिनी पायरीवर, लोंब्या तिच्या मांडीवर, म्हणजे जेवढा मावतो तेवढा. तोंडात माझा चौकडीचा शर्ट. हिल्डाबाई चहा पीत होत्या. मला बघून दोघीही जरा ओशाळल्या. कानांच्या गप्पांत मी राहूनच गेलो होतो.
झालं ते असं. लोंब्याने शर्ट हुंगला, गर्कन वळला आणि गर्दीतून नेमका सरोजिनीच्या अंगावर जाऊन पडला. आमच्याकडे वाडीत काम करताना बायका गाउनवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. आई चढवायची, सरोजिनीही चढवते. रोज पहाटे पाचला तिच्या अंगावर हाच चौकडीचा शर्ट. लग्नाला एकतीस वर्षं झाली. मला तो दिसायचाच बंद झाला होता.
हिल्डाबाईंनी विचारलं, "चुरी, हा शर्ट तुम्ही शेवटचा कधी घातलात?"
मी वाकून शर्ट हुंगला, सगळा वास सरोजिनीचा.
त्यांनी कप खाली ठेवला, पिशवीतून करार काढला आणि मग एक पट्टा काढला. आमचा नव्हे, त्यांचा. लोंब्याला वाटलं फिरायला जायचंय. उड्या मारत त्यांच्याकडे गेला. सरोजिनीने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं होतं, असल्या वेळी आपल्याला एखादं कलम आठवेल.
"बाई, चौदा वेळा मी खोटं लिहिलं," मी म्हटलं. "सगळं हीच करते. मी फक्त वजाबाकी केली. माझं नाव खोडा, पण त्याला नेऊ नका."
हिल्डाबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. वॉर्डातले पेशंट गोळी मुकाट्याने का गिळत असतील ते कळलं. म्हणाल्या, शीचा रंग उत्तम म्हणालात त्याच रविवारी मला समजलं होतं. तेव्हापासून दर सोमवारी त्यांचा सरोजिनीला फोन असतो. मला पत्ता नाही. दोघी अगं-तुगंवर आल्या आहेत.
पट्टा भेट म्हणून आणला होता. आधीचा याला तोकडा पडतो, हेसुद्धा सरोजिनीनेच कळवलेलं. मघाशी तिचे खांदे हसण्याने हलत होते.
करार मात्र नव्याने झाला. सरोजिनीने प्रत्येक कलम दोनदा वाचलं, एक बदलून घेतलं आणि मग सही केली. माझं नाव खाली आलंय, 'घरातील इतर माणसे' या रकान्यात. पुढे हिल्डाबाईंनी लाल पेनाने लिहिलं, 'शिकण्याची तयारी आहे असे सांगतात.'
जाताना त्यांनी माझं एक कार्ड मागून घेतलं. मागची बाजू कोरी आहे, वाणसामान लिहायला बरी म्हणाल्या.

२३ मार्च, सोमवार
पहाटे ५.१०. उठलो. (सरोजिनीने उठवलं.)
कान पुसायला बसलो. आधी कापूस कोमट पाण्यात बुडवून पिळायचा. आत बोट घालायचं नाही, बाहेरच्या घड्या पुसायच्या. घाई करायची नाही, त्याच्याशी बोलत राहायचं. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून त्याला विम्याचे हप्ते समजावून सांगितले. त्याला झोप आली. डावा कान वीस मिनिटांत झाला. इतका मऊ असतो हे चार महिने घरात असून मला ठाऊक नव्हतं.
उजव्याला हात लावला तशी त्याने मान झटकली. चष्मा, भिंत, हे पान. वरची शाई त्यामुळे पसरली आहे.
उजवा सरोजिनीने केला. दोन मिनिटांत. म्हणाली, तुमच्यासाठी आजच्याला एक कान पुरे.