एकोणीस प्रेक्षक

पूनम सागर, मीरा रोड
गुरुवार

प्रिय संचू,

मी तुला पत्र लिहितेय म्हटल्यावर तू आधी हसशील, मग घाबरशील. घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. मेसेज चार वेळा लिहिला आणि चारही वेळा खोडला, म्हणून शेवटी पेन हातात घेतलं. उद्या सकाळी तुझ्या मेडिकलच्या काउंटरवर हे ठेवून मी निघून जाईन, थांबणार नाही. कॉलेजातली तुझी हॉकी कशी बंद झाली, त्यातली एक गोष्ट मी नऊ वर्षं तुझ्यापासून लपवली आहे. ती रविवारच्या आत तुला माझ्याकडूनच कळायला हवी.

आपल्या वेळी हॉकी म्हणजे कॉलेजातलं सावत्र पोर. अकरा मुली जमवायला तू वर्गावर्गात फिरायचीस, कबड्डीच्या मुली उसन्या आणायचीस. एकदा तर मलाच पॅड बांधून गोलात उभं केलं होतंस, आणि पहिलाच चेंडू अंगावर येताना बघून मी गोल सोडून पळाले होते. मैदानात मुरमाची धूळ एवढी, की गोल झाला हे बघणाऱ्यांना शिट्टी ऐकूनच कळायचं. बास्केटबॉलचा थाट वेगळा. पाच जणी आल्या की संघ उभा, बसायला सिमेंटच्या पायऱ्या, स्पीकरवर गाणी, चकचकीत जर्सी. सगळी पोरं तिकडेच धावायची, मीही धावले. राखीव खेळाडू म्हणून वर्षभरात दहा मिनिटंही कोर्टवर उतरले नसेन, पण ती जर्सी घालून कॅन्टीनमध्ये बसायला मला भारी आवडायचं. तू मला ‘बाकावरची महाराणी’ म्हणायचीस. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, बरोबर ओळखलं होतंस.

मग अर्धं मैदान नव्या इमारतीत जाणार असं ठरलं, आणि मुलींचा एकच संघ ठेवायची वेळ आली. कुठला ठेवायचा, यावर प्राचार्य सबनीस सरांनी तोडगा काढला. दोन्ही खेळांचा एकेक सामना घ्यायचा आणि ज्याला जास्त प्रेक्षक येतील तो खेळ ठेवायचा. क्रीडा समितीची सचिव म्हणून फाटकावर नावं लिहायची वही माझ्या हातात आली. बास्केटबॉलच्या मुलीकडेच वही कशी, असं कुणी विचारलं नाही. तू तर उलट निर्धास्त झालीस, क्षितिजा आहे म्हणजे काळजी नाही, असं सगळ्यांना सांगत सुटलीस.

हॉकीच्या सामन्याला कॉलेजची पोरं आली एकोणीस. मी मनातून खूश झाले, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात काशीगावहून टेम्पो आले. तुझ्या काकू, आत्या, शेजारीपाजारी, तुझ्या शाळेतल्या बाई, कडेवर पोरं घेतलेल्या बायका, चांगली शे-दीडशे माणसं असतील. सगळ्यात पुढे तुझे आबा, इस्त्रीचा शर्ट घातलेले. नाव लिहायला त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “फक्त कॉलेजचं ओळखपत्र असलेल्यांचीच नावं घ्यायची, काका. प्राचार्यांचा नियम आहे.” “आमी पन बगायलाच आलोय ना, पोरी?” एवढंच ते म्हणाले. मग त्यांनीच मागच्या सगळ्यांना फाटकातून बाजूला केलं, गर्दी नको म्हणून. ती माणसं नावं न लिहिताच आत गोलामागे जाऊन बसली आणि तुझ्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडली.

असा कुठलाही नियम नव्हता, संचू. सर नुसतं ‘प्रेक्षक’ म्हणाले होते. तो नियम मी तिथल्या तिथे केला आणि सरांच्या नावावर खपवला. दुसऱ्या दिवशी बास्केटबॉलच्या वेळी मात्र मी एकाचंही ओळखपत्र बघितलं नाही. गाणी ऐकून रस्त्यावरून आत आलेल्यांचीसुद्धा नावं लिहिली.

त्यानंतरचं तुला माहीत आहे, पण त्यातलं माझं कामही ऐक. तू सरांना जाब विचारायला निघालीस, तेव्हा तुझं वर्ष खराब करतील अशी भीती घालून मीच तुला अडवलं. तू गेली असतीस तर माझं बिंग फुटलं असतं. विद्यापीठाच्या निवडीला तुझं नाव जाणार होतं, ते संघच नाही म्हणून गेलं नाही. तू कॉलेज सोडलंस, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस, आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत बसले. मला तेव्हा तोंड उघडता आलं असतं. अजूनही केबिन रोडवर सर दिसले की तू फुटपाथ बदलतेस, आणि मी तुझ्यासोबत मुकाट्याने बदलते. तिथेच आबांकडे भाजी घेतली की ते माझ्या पिशवीत वर मूठभर कोथिंबीर टाकतात, नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. हल्ली मी दुसरीकडून भाजी आणते.

सर निवृत्त झाल्यापासून आमच्याच सोसायटीत राहतात. गेल्या आठवड्यात माझ्या भावाने, बंटीने, सोसायटीच्या ग्रुपवर कॉलेजचे जुने फोटो टाकले. त्यात तुझा तो सामना होता आणि गोलामागे बसलेली ती सगळी माणसं. सरांनी मला बागेत गाठून विचारलं, ही माणसं कोण. मी सांगितलं. मग ते म्हणाले, “माझ्याकडे एकोणीस लिहून आलं होतं. मी स्वतः मैदानावर यायला हवं होतं. माझ्यामुळे त्या मुलीचा खेळ गेला.” तेव्हाही मी गप्प राहिले. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, तरी रविवारी सकाळी ते काशीगावला येणार आहेत, तुझी आणि आबांची माफी मागायला. घर दाखवायला त्यांनी मलाच सोबत बोलावलंय. उद्या हे पत्र ठेवलं की संध्याकाळी त्यांनाही सगळं सांगणार आहे, पण आधी तुला. तरी ते यायचं टाळणार नाहीत, मी ओळखते त्यांना. तू दार उघडलंस की ते उंबऱ्यातच बोलायला लागतील. त्यांना बोलू देऊ नकोस. हात धरून आत घे, बसव, पाणी दे. मी मागे बाहेर उभी असेन. मला आत घ्यायचं की नाही, ते तू आणि आबा ठरवा.

तुला अजून चालणार असेल तर तुझीच,
क्षितिजा