ट्रिगर नंबर दोन

पिंपळगाव बसवंत,
मंगळवार, पॅकहाऊसमधली जेवणाची सुट्टी

तीर्थस्वरूप दाजी यांच्या पायाशी, गुडघे परवानगी देतील तेवढं वाकून, निवृत्तीचा नमस्कार.

तुमच्या मोतीबिंदूला महिना झाला, म्हणजे हिरवा चष्मा उतरला असेल. औषधाचे थेंब वेळेवर घालता ना? (अक्काने घातले तर डोळ्यात कमी आणि कानात जास्त जातात, लहानपणी मी ते भोगलं आहे.) कांद्याची काढणी उरकली असं गोटीराम टेम्पोवाल्याकडून कळलं, बरं वाटलं. आमच्याकडे द्राक्षाचे शेवटचे कंटेनर चाललेत, बाकी सगळे खुशाल. हे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितोय, कारण ते तुम्हीच वाचायचं आहे, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं नाही. फोन करता आला असता, पण तुमच्या घरी फोन अक्का उचलते आणि उचलल्याबरोबर स्पीकर लावते. मग मी जे बोलेन ते आधी ओसरीवर, मग शेजारी आणि अर्ध्या तासात परत माझ्या घरी माझ्या पोरीच्या कानावर येणार. मामला नाजूक आहे. म्हणून गोटीरामच्या हातात पत्र देतोय.

तुमची भाची वैष्णवी एअर रायफल मारते, हे तुम्हाला ठाऊक आहे. (तुम्ही मागे विचारलं होतं, पोरीला डुकरं मारायला शिकवतोस का. नाही. दहा मीटरवर कागद असतो, त्याच्या मधोमध टाचणीच्या डोक्याहूनही बारीक ठिपका असतो, त्याला छर्रा मारायचा. एवढंच. साठ वेळा, एकेका छर्ऱ्याला जास्तीत जास्त दहा पूर्णांक नऊ गुण.) येत्या रविवारी पुण्याला राज्याच्या संघाची निवड आहे. तिचे गुरुजी रुद्र सर म्हणतात की सहाशे पंधराच्या वर गुण गेले तर नाव लागायला हरकत नाही. वैष्णवीची गाडी महिनाभर सहाशे पाचाच्या आसपास रुतून बसली होती. पुढच्या वर्षी तिचा वयोगट बदलतो, मग मोठ्यांशी गाठ. म्हणजे जे काही व्हायचं ते या रविवारी. दाजी, मला रात्रीची झोप नाही हो. जेवताना घास तोंडात फिरतो.

आता रुद्र सर म्हणजे सव्वीस वर्षांचा पोरगा, मिशी अजून नीट ठरलेली नाही. तो म्हणायचा, काका, तिला वेळ द्या. मी वीस वर्षं पॅकहाऊसमध्ये मालाची तपासणी करतोय. माल परत आला तर मी मालाला वेळ देत नाही, दोष कुठे आहे ते शोधतो. मी महिनाभर रोज संध्याकाळी मोटारसायकल काढून नाशिकच्या गंगापूर रोडला जायचो (रेंज तिथल्या एका मंगल कार्यालयाच्या तळघरात आहे) आणि वैष्णवीच्या पाठीमागे दोन हातांवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचो. बसून निरीक्षण केलं. जाकीट ठीक, उभं राहणं ठीक, डोळा तर आपल्या घराण्याचा. दोष सापडला तो ट्रिगरमध्ये. या ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिल्यात बोट थोडं आत जातं आणि अडतं, मग अगदी जरासा दाब वाढवला की गोळी सुटते. तिच्या ट्रिगरचा हा दुसरा टप्पा मला खरखरीत वाटला. मी ठरवलं, पोरीला वरच्या दर्जाचा ट्रिगर घ्यायचा, पण पारखून. रुद्र सरांनी हात टेकले आणि ओळखीतून तीन नग तपासायला मिळवून दिले. मी त्यांच्या डब्यांवर एक, दोन, तीन अशी लेबलं चिकटवली.

ट्रिगर किती वजनाला सुटतो हे मोजायचं खास वजन रेंजवर होतं, ते कुणीतरी नेलं ते नेलंच. मग मी आपली पद्धत काढली. रायफल रिकामी आहे हे सरांनी दोनदा बघितलं, नळी छताकडे करून ती उभी धरली, आणि मी ट्रिगरला दोरा बांधून त्यात द्राक्षाचे मणी ओवत गेलो. (सगळे मणी रिंगमधून काढलेले, एका मापाचे. उगाच कुणी शंका काढायला नको.) जुना ट्रिगर एकोणिसाव्या मण्याला सुटला. नंबर एक सातव्यालाच सुटला. रेंजवरची पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती, करू दे. नंबर एक लावून वैष्णवीने गुरुवारी साठ गोळ्या मारल्या, मी मागे बसलोच होतो. पाचशे नव्व्याण्णव. नंबर तीन बॅटरीवर चालणारा होता, त्याचं नाव काढताच वैष्णवीची आई म्हणाली की आता बंदूक पण चार्जिंगला लावायची का, घरात आधीच बोर्ड पुरत नाहीत. म्हणून तो मागे ठेवला.

शनिवारी नंबर दोनची पाळी होती. पण सकाळीच पॅकहाऊसमधून फोन आला, कंटेनरच्या थंडीचं यंत्र बंद पडलं. मी कपाळावर हात मारला, नंबर दोनचा डबा वैष्णवीच्या हाती दिला आणि पॅकहाऊस गाठलं. दिवसभर तिथंच अडकलो. दुपारी पोरीला फोन केला, तर गुण सहाशे एकोणीस! दाजी, मी चाळीस बायांसमोर ढसाढसा रडलो. कंटेनर गेल्याचं दुःख समजून त्यांनी मला पाणी पाजलं. मी म्हटलं, ट्रिगर कसा वाटला गं? ती जरा थांबली आणि म्हणाली, छान झालं पप्पा. मी तिथल्या तिथे विक्रेत्याला फोन लावून तसाच कोरा नंबर दोन मागवला. तीन दिवसांत आला. सरांनी बसवला, मी खुर्चीत बसलो. सहाशे चार. दुसऱ्या दिवशी सहाशे दोन.

माझं डोकंच सटकलं. वीस वर्षं हेच बघत आलोय, नमुना एक दाखवायचा आणि माल दुसरा पाठवायचा. मी विक्रेत्याला फोनवर असं काही झापलं की पॅकहाऊसमधल्या बायांनी कात्र्या खाली ठेवल्या. तो बिचारा शांतपणे म्हणाला, साहेब, मी दिलेला तपासणीचा नग परत पाठवा, दोन्ही शेजारी ठेवून बघू. बोलणं रास्त होतं. शुक्रवारी मी डबा उघडला तर आत नुसता फोम आणि एक स्क्रू. घर पालथं घातलं. वैष्णवीच्या आईने पिठाचा डबासुद्धा चाळून बघितला. शेवटी सापडला कुठे? माझ्या नमुन्यांच्या पिशवीत! मऊ फडक्यात गुंडाळून, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात तारीख आणि सही. झालं होतं असं की त्या शनिवारच्या आदल्या संध्याकाळी मी तो नग डब्यातून काढून भिंगाने तपासला होता. आणि आमच्यात रीत अशी की माल पुढे पाठवायचा आणि त्यातला नमुना तपासणाऱ्याने आपल्याजवळ ठेवायचा, परदेशातून माल पोचल्याचा निरोप येईपर्यंत. हाताला सवय, दाजी. नमुना मी ठेवून घेतला आणि रिकामं पॅकिंग पुढे रवाना केलं.

म्हणजे त्या शनिवारी नंबर दोन रायफलवर नव्हताच. तो दिवसभर पॅकहाऊसमध्ये माझ्या खांद्याला लटकत होता. मी रुद्र सरांना गाठलं. ते मिशीला हात लावत म्हणाले, काका, डबा रिकामा निघाला म्हणून पुन्हा जुनाच ट्रिगर बसवला, तुम्हाला सांगणारच होतो, पण तुम्ही फोनवर कुणाला तरी झापत होता. मग वैष्णवीला विचारलं, तू का नाही बोललीस? ती म्हणाली, "तुम्ही किती खूश होता पप्पा. रडत होता. मग कसं सांगू?"

मी रात्रभर विचार केला. जुना ट्रिगर, जुनी रायफल, तेच जाकीट, तोच ठिपका. त्या दिवशी रेंजवरून एकच वस्तू कमी झाली होती. ती म्हणजे मी.

पटलं नाही. (तुम्हालाही पटलं नसतं.) मी तिथे एक शब्द बोलत नाही, देवाशपथ. फक्त गोळी सुटेपर्यंत श्वास धरतो आणि सुटल्यावर सोडतो, आणि कधीतरी "हं" म्हणतो. आता तेवढ्याने कुणाचं काय बिघडतं? वर लग्नाचा बँड लागला, छताची माती जाकिटावर पडली, तरी ही पोरगी पापणी हलवत नाही. पण पॅकहाऊसमध्ये मी पेटी उचलून नुसतं "हं" म्हटलं की बाया ती पेटी मुकाट्याने सोडून पुन्हा भरायला घेतात, हेही खरं. आणि वैष्णवी लहान असताना तिथंच पाळण्यात होती.

म्हणून परवा रविवारी खात्री करून घेतली. पोरीला म्हटलं, मला कंटेनर आहे, तुझं तू मार. सरांना म्हटलं, जुना ट्रिगर लावा. आणि निघालो असं दाखवून वर मंगल कार्यालयात जाऊन बसलो. तिथे कुणाचं तरी लग्न होतं. नवरदेवाकडच्यांना मी नवरीकडचा वाटलो आणि नवरीकडच्यांना नवरदेवाकडचा. एका माणसाने आग्रहाने फेटा बांधला. पंगतीत बसवलं, जिलबी वाढली, मठ्ठा वाढला. मी जिलबी शेजारच्या पोराच्या पानात सरकवली. खाली माझी पोरगी एकेक गोळी मारत होती आणि मी वर अनोळखी व्याह्यांना या या बसा बसा करत होतो. सव्वा तासाने खाली उतरलो. सहाशे अठरा.

फेटा काढायचा राहून गेला होता. वैष्णवीने वर बघितलं, फेट्याकडे बघितलं, शर्टावर पडलेल्या अक्षतांकडे बघितलं. बाटलीतलं पाणी दिलं आणि म्हणाली, बसा पप्पा, दमला असाल. खुर्ची पुढे केली ती तीच, दोन हातांवरची. माझ्याने बसवेना.

तर ट्रिगरचा निकाल असा की जुनाच राहणार. नवा तपासून, लेबल लावून कपाटात ठेवला आहे, स्पर्धा झाल्यावर तिचं ती ठरवेल. अक्काला माझा नमस्कार सांगा, पत्राचं मात्र सांगू नका. तुम्ही तब्येतीला जपा, उन्हात कांदाचाळीच्या छपरावर चढू नका. मी मजेत आहे आणि मन अगदी हलकं झालं आहे.

तुमचा,
निवृत्ती

ता. क. : लिहायचं मुख्य राहिलंच. वैष्णवी, तिची आई आणि रुद्र सर शनिवारी दुपारी पुण्याला निघणार आहेत. मीही जाणार असं सगळे धरून चाललेत. मी येत नाही म्हणालो तर पोरगी म्हणेल, माझ्यामुळे पप्पा थांबले, आणि ते ओझं घेऊन उभी राहील. येऊ नका म्हणायला तिची जीभ रेटणार नाही, आणि थांबायला माझे पाय ऐकणार नाहीत. तेव्हा दाजी, शनिवारी सकाळी आठ वाजता तुम्ही फोन करा. चाळीत कांदा भरायला तपासणारा माणूस नाही, आत्ताच्या आत्ता ये, असं ओरडून सांगा. रागवा थोडं. आजारपणाचं काढू नका, नाहीतर वैष्णवीची आईसुद्धा पुणं सोडून देवळ्याला तुमच्याकडे यायची. अक्काला स्पीकर लावू द्या, या वेळी त्याचा उपयोग आहे.

आणखी ता. क. : गोटीराम म्हणतो, "शनिवारी रात्री देवळ्याहून कांदा घेऊन पुन्याला चाललोय, पुढची सीट मोकळी हाय." मी फक्त सहज विचारलं होतं. तरी त्याला जेवायला थांबवू नका, आणि तो जाईपर्यंत मला चाळीच्या आतल्या अंगाला कामाला लावा.

शेवटचं : गुण मोबाईलवर दिसतात म्हणे. माझा मोबाईल काढून घ्या. साठावी गोळी झाल्यावरच मला सांगा. कमी पडले तर माझ्याकडे बघू नका, मी कांदा निवडत बसेन. आणि सहाशे पंधराच्या वर गेले तर पेढे वाटा, फटाके लावा, वाटल्यास मला खांद्यावर घेऊन नाचा. फक्त ते कशामुळे गेले हे त्या दिवसापुरतं माझ्यासमोर कुणी बोलू नका.