टॅबची दाढ

तीर्थस्वरूप वहिनी,

पायांवर डोकं ठेवलंय असं समजा, कारण आत्ता ते ठेवायला दुसरी सुरक्षित जागा उरलेली नाही. चिमट्यात धरलेला कापसाचा बोळा मी दिव्यासमोर उंच धरला आणि त्या क्षणी माझ्या आयुष्याचे दोन तुकडे झाले: बोळ्याआधीचं आणि बोळ्यानंतरचं. पण ते नंतर. तुमची पाठ कशी आहे? शेक घेताय ना? दादाचा पारा कुठवर चढलाय? (हे पत्र त्याला वाचून दाखवू नका. मला तो स्टोव्ह म्हणतो, पण त्याला स्वतःला भडकायला पंपही मारावा लागत नाही.) मी बरा आहे, म्हणजे बसलोय. दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत, पेशंटच्या बाकावर, डॉक्टरांच्या औषधं लिहायच्या कागदांवर हे खरडतोय. आतलं दार बंद आहे. हात असा चालू ठेवला नाही तर मी ते लाथ मारून उघडेन.

मागच्या खेपेला ताट पुढ्यात ठेवून जिच्याबद्दल मी बोलत राहिलो आणि तुम्ही दोनदा आमटी गरम केलीत, ती या डॉक्टरांची मुलगी. दवाखान्यात वडिलांच्या हाताखाली असते. दात भरायचा मसाला कालवते, पेशंटच्या गालात कापूस ठेवते. यंदा माझी दाढ फार दुखली, ती त्यामुळेच. (दाढ ठणठणीत आहे.) आज डॉक्टरांनी स्वतः फोन करून बोलावलं. टॅब चार्ज होत नाही, तुला त्यातलं कळतं म्हणे, ये. वहिनी, मी इस्त्रीचा शर्ट घातला. जावई म्हणून नाही, पण निदान माणूस म्हणून तरी त्यांनी मोजलं, असं वाटलं.

टॅबमध्ये चार टक्के उरले होते. मी चार्जर बदलला, केबल बदलली, भिंतीवरचा प्लग बदलला. चार्जिंगची खूण यायची, लुकलुकायची, जायची. तेवढ्यात काकू, म्हणजे तिची आई, दारातून म्हणाल्या, "हात चालव रे बाबा, मुलाकडचे आत्ता फोन करतील." मी विचारलं, कुठला मुलगा? "हिच्यासाठी आलेला. लांब असतो, म्हणून आधी टॅबवर बोलायचंय."  सुटका अगदी सोपी होती. आतला भाग जळलाय, दुकानात द्यावा लागेल, आठवडा जाईल, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण डॉक्टर बोलले, "राहू दे, जमत नसेल तर. कॉलेज सोडलंस तसं हेही सोड अर्ध्यावर."

आता तुम्ही मला ओळखता. डोक्यात असं सणकलं की प्रेम गेलं खड्ड्यात, मुलगा गेला खड्ड्यात, हा टॅब मी चार्ज करूनच दाखवणार! ती उपकरणं उकळण्याच्या भांड्याजवळ उभी राहून मला डोळ्यांनी नको नको करत होती. मला वाटलं, बाबांचं मनावर घेऊ नकोस म्हणतेय. (काय गोड मुलगी, असंही वाटलं.)

केबल पूर्ण आत बसत नव्हती. मी जाहीर केलं, भोकात काहीतरी अडकलंय. हे ऐकून डॉक्टरांचा चेहराच बदलला, कारण भोकात काहीतरी अडकणं हा त्यांचा प्रांत. त्यांनी टॅब बंद करायला लावला, पेशंटच्या खुर्चीवर आडवा निजवला, दिवा खाली ओढला आणि आपला बारीक चिमटा माझ्या हातात दिला. "हळू. कडेकडेने. ओढू नकोस." आणि तो बोळा आला. मी भाषणच ठोकलं: ही धूळ नाही, हा कापूस आहे, आणि हा कोणीतरी मुद्दाम घातलाय! डॉक्टरांनी बोळा घेतला, फिरवून फिरवून बघितला. म्हणाले, "काय सुंदर भरलाय! कुठे फट नाही, कुठे धागा सुटलेला नाही. असं भरणारे हात अख्ख्या गावात दोनच..." त्यातला एक त्यांचा. आम्ही सगळ्यांनी भांड्याकडे बघितलं. ती पांढरी पडली होती.

म्हणून मी म्हणालो, मी घातला. कधी? दाढ दाखवायला आलो तेव्हा. कशाला? हा फोन होऊ नये म्हणून. (फोनचं मला आत्ताच कळलं होतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.) डॉक्टर जवळ आले. मला वाटलं, आता कानाखाली. ते म्हणाले, "म्हणजे दाढ दुखत नव्हती?" नव्हती. "अरे, मी ती भरली!" मुलीचं राहिलं बाजूला, वहिनी, त्या माणसाला निरोगी दाढ भरल्याचं लागलं होतं. आणि तेवढ्यात मी चालू करून चार्जिंगला लावलेला टॅब, मीच दुरुस्त केलेला टॅब, खणखणीत वाजला.

तिने हात पुसले. "बाबा, कापूस मी घातला. याला इतका नीट भरता येईल असं वाटतं तुम्हाला?" टॅब उचलला. डॉक्टरांनी मला बोटाने बाहेरची वाट दाखवली.

तुमचा धाकटा दीर,
स्टोव्ह

ता. क. खरं काम हे, की पत्र मिळताच पहिल्या गाडीने इकडे या आणि घरातलं मोठं माणूस म्हणून डॉक्टरांशी बोला. दादाला काहीही सांगा. तिच्या मनात मीच आहे. (विचारलेलं नाही. पण उगाच कोणी इतका नीट कापूस भरत नाही.)

आणखी एक ता. क. येऊ नका. ती बाहेर येऊन गेली. मुलाला तिने स्वतःच नाही म्हणून सांगितलं. तिला दातांचं रीतसर शिकायला जायचंय, तोवर लग्न नाही. मी विचारलं, कोणाशीच? "कोणाशीच. आणि तुला कोणी सांगितलं होतं इतकं मन लावून दुरुस्त करायला? वर्षभरात एक काम पूर्ण केलंस, ते नेमकं आज?" आणि पुन्हा आत गेली. असं सणकलं वहिनी, की जाताना दार आपटून भिंतीवरचा दातांचा तक्ता खाली पाडणार होतो. पण आतून तिचा आवाज येतोय. शिकायला जायचंय ते वडिलांना सांगतेय. आवाज कापतोय, पण थांबत नाही. बाहेर एक बाई गाल धरून पायऱ्या चढतायत. त्यांना म्हणतो, जरा वेळाने या. 'बंद'ची पाटी उलटवून लावतोय आणि कडी न वाजवता बाहेरचं दार ओढून घेतोय.