त्याचेच बाण

१७ जाने., शनि.
विन्याच्या गॅरेजमध्ये चार तास. आमच्या लढाईच्या खेळातले आणखी बावीस चिमुकले तिरंदाज रंगवून झाले. टाऊटन म्हणजे इंग्लंडच्या मुकुटावरून पेटलेल्या भाऊबंदकीतली निर्णायक लढाई, भर बर्फात झालेली. इथे प्लेनोसारख्या गरम शहरात बर्फ कुठला, म्हणून प्लायवूडवर पांढरं फेल्टचं कापड. सहा वर्षं चाललंय. विन्याची बायको, सुजाता वहिनी, म्हणतात, "ते मेले एका दिवसात लढून मोकळे झाले!" विन्या लँकेस्टर घराण्याच्या बाजूने, मी यॉर्कच्या. माझ्या पहिल्या ओळीतला पहिला तिरंदाज दोघांनी रंगवलेला, टोपी त्याने, डगला मी. २९ मार्चला खेळायचं. लढाईची तारीख तीच, यंदा वारही तोच, रविवार.

ब्रश धुताना विन्या म्हणाला, "डोकं चालत नाही बे. रिलीजमधला तो बग माझाच होता. आई गेल्यापासून कोड नुसता वाचतो, आत काही जात नाही. कोणाला सांगू नको."
मी कशाला सांगतोय.

२२ जाने., गुरु.
मॅनेजरने बोलावलं. टीममध्ये विन्या आणि मी, दोघांपैकी एकच राहणार. विचारलं, विनयबद्दल तुला काय वाटतं, तू त्याला सगळ्यात जास्त ओळखतोस.
सांगितलं. आई गेली, लक्ष लागत नाही, तो बग. सहानुभूतीनेच सांगितलं.
खोटं. माझाही व्हिसा याच नोकरीवर आहे. बायकोला, मेघाला, बोललो नाही.

३ फेब्रु., मंगळ.
सकाळी विन्याचं लॉगिन बंद. साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर व्हिसा संपला, परत नागपूर. मला टीम लीड केलं. पार्किंगमध्ये खोकं घेऊन उभा होता. म्हणाला, "तू वाचला ना? बस झालं."
गाडीत बसून रडलो. कुणासाठी, देव जाणे.

२१ फेब्रु., शनि.
विन्याला पाचवा नकार. त्याची इंटरव्ह्यूची तयारी मीच करून घेतो. निर्लज्जपणाला सीमा नाही.
आज त्याने खेळासाठी वाऱ्याचा नियम लिहिला. लँकेस्टरवाल्यांच्या तोंडावर बर्फ, वारा उलटा, बाण सगळे यॉर्कपर्यंत न पोचता अलीकडेच पडले. यॉर्कवाले पुढे आले, तेच बाण जमिनीतून उपटले आणि त्यांच्यावरच सोडले. मी म्हटलं, हे नको, गेम एकतर्फी होईल.
"झालं तसंच खेळायचं ना यार."

१९ मार्च, गुरु.
पाडवा. विन्याकडे गुढी नाही, निम्मं घर खोक्यांत. जेवायला आमच्याकडे. श्रीखंड वाढताना वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून हे उभे राहिले." विन्याने मान वर केली नाही. मी ताट बाजूला सारलं. मेघा विचारत होती, काय झालं. ॲसिडिटी म्हटलं.

२९ मार्च, रवि.
ठरवून गेलो होतो, आधी सांगायचं, मग खेळायचं. गॅरेज रिकामं, टेबल तेवढं उरलेलं. त्याने फासे टाकायला सुरुवातही केली. त्याचे बाण, म्हणजे टाचण्या, माझ्या ओळीच्या अलीकडेच फेल्टमध्ये टोचल्या.
"उचल," म्हणाला. माझा हात पुढे होईना.
"उचल ना बे. मॅनेजरनं काढतानाच सांगितलं होतं मला. आईचं, बगचं, सगळं. हे फक्त तुला माहीत होतं."
दोन महिने! दोन महिने हा माणूस माझ्यासमोर बसून उत्तरं पाठ करत होता.
मी म्हटलं, विन्या, मला...
"तुझी पाळी आहे. खेळ."
खेळलो. एकेक टाचणी उपटली. दुपारी जेवायच्या आत त्याची फौज संपली. त्याने चहा केला, साखर बरोबर माझ्यासारखी. माफी मागितली. "बघू," म्हणाला.

१ एप्रिल, बुध.
विन्या आणि वहिनी काल नागपूरला गेले. सोडायला येतो म्हटलं तर म्हणाला, टॅक्सी सांगितली आहे. किल्ली मात्र मला देऊन गेला. टेबल आवरून उद्या घरमालकाला द्यायची.
संध्याकाळी गेलो. दोन्ही फौजा होत्या तशाच. माझी पहिली ओळ खोक्यात भरायला घेतली तर एक जागा रिकामी. पहिलाच तिरंदाज, दोघांनी रंगवलेला. टेबलाखाली पाहिलं, कोपरे झाडले, गॅरेजच्या दाराची फटसुद्धा. नाही.
त्याने नेला? की कुठे पडला, झाडून गेला?
एवढ्यात उतरले असतील. फोन समोर ठेवलाय. विचारलं आणि 'मी नाही नेला' म्हणाला तर.